जसे आले तसे

१ जुलै २०१८ हा रविवारचा दिवस होता. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी आठवड्याचा बाजार भरला होता. त्या बाजारात नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतील पाच माणसे आली. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा परिसरातून निघून भिक्षा मागत ती गावोगाव फिरत होती. असे फिरणे हा या जमातीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा जीवनक्रम आहे. त्यांपैकी एकजण एका लहान मुलीशी बोलताना लोकांच्या दृष्टीस पडला आणि ‘मुले पळवणारी टोळी आली’ अशी हाकाटी झाली. बघता बघता जमाव गोळा झाला. पाचही जणांना मारहाण करीत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेण्यात आले आणि तेथे त्यांचा अंत झाला. त्यांपैकी कोणीही कोणाचे मूल पळवले नव्हते.

जमाव एका क्षणात हिंसक झाला, असे वरवर पाहता वाटते. परंतु त्या क्षणाची तयारी कित्येक दिवस चालू होती. मुले पळवणाऱ्या टोळ्या फिरत आहेत, त्या मुलांचे अवयव काढून विकतात, अशा आशयाचे संदेश त्या उन्हाळ्यात व्हॉट्सॲपवरून देशभर पसरले होते. मे महिन्यात तमिळनाडूतील तिरुवण्णामलै जिल्ह्यात देवदर्शनासाठी आलेल्या एका वृद्ध स्त्रीने वाटेत मुलांना चॉकलेटे दिली. तेवढ्यावरून संशय घेऊन जमावाने तिला ठार मारले. तमिळमधील संदेशाचे काही आठवड्यांत मराठी रूप झाले. त्यासोबत मृत बालकांची दृश्ये जोडलेली होती. ती दृश्ये २०१३ साली सीरिया या देशात विषारी वायूच्या हल्ल्यात बळी पडलेल्या बालकांची होती. त्या दृश्यांवर कोणी आवाज चढवला, गावाचे नाव कोणी घातले, हे पाहणाऱ्याला कळण्याचा मार्ग नव्हता. प्रत्येकाने तो संदेश पुढे पाठवला. पाठवताना अनेकांच्या मनात चांगलाच हेतू होता. आपल्या आप्तेष्टांनी मुलांना सांभाळावे, सावध राहावे, एवढेच त्यांना वाटत होते.

‘खरे खोटे माहीत नाही, जसे आले तसे पाठवत आहे,’ असे वाक्य अशा संदेशांच्या शेवटी पुष्कळदा आढळते. हे वाक्य लिहिणाऱ्याला वाटते, की आता आपल्यावर काही दोष येत नाही. वास्तविक त्याने दोन गोष्टी मान्य केलेल्या असतात. एक म्हणजे खात्री करणे आवश्यक होते, हे त्याला ठाऊक होते; आणि दुसरी म्हणजे ती त्याने केली नाही.

बातमी देणे हे आज केवळ मोठ्या वृत्तपत्रांचे काम राहिलेले नाही. तालुक्याच्या गावाहून निघणारे साप्ताहिक असते; एखादा तरुण मोबाइलवर चित्रण करून ‘आमच्या तालुक्याच्या बातम्या’ रोज संध्याकाळी दाखवतो; कोणी अनुदिनी म्हणजे ब्लॉग लिहितो; कोणी पाचशे माणसांचा व्हॉट्सॲप गट चालवतो आणि बाजारभाव, पाणीपुरवठ्याची वेळ, निधनवार्ता व अपघात यांची माहिती देतो. ही मोलाची सेवा आहे. गावातील रोहित्र जळाले, शिधावाटप दुकानात धान्य आले नाही, शाळेला शिक्षक नाही, या गोष्टी मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रात सहसा येत नाहीत. त्या स्थानिक बातमीदारानेच मांडायच्या असतात.

मराठीला ही परंपरा जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, तो दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. ‘दर्पण’ मुंबईचे होते. मुकुंदराव पाटील यांनी मात्र १९१० पासून ‘दीनमित्र’ हे पत्र अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील सोमठाणे या खेड्यातून चालवले. शेतकऱ्यांची दुःखे शेतकऱ्यांच्याच गावातून छापली जाऊ शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. अलीकडच्या काळातील उदाहरण उत्तर प्रदेशाच्या चित्रकूट जिल्ह्यातील आहे. २००२ साली तेथे ‘खबर लहरिया’ हे पत्र बुंदेली बोलीत सुरू झाले. ग्रामीण स्त्रियाच त्याच्या बातमीदार होत्या आणि नुकतेच वाचायला शिकलेले लोक हा त्याचा मोठा वाचकवर्ग होता. ज्याने मोठेपणी अक्षरे ओळखायला सुरुवात केली, त्याच्या मनात छापील शब्दाविषयी विशेष आदर असतो. ‘छापून आले आहे’ हाच त्याच्या दृष्टीने पुरावा असतो. म्हणून अशा वाचकासाठी लिहिणाऱ्यावरचा भार अधिक आहे.

छापील वृत्तपत्र आणि मोबाइलवरचा संदेश यांत एक फरक आहे. तो बारीक अक्षरांत असल्याने सहसा लक्षात येत नाही. वृत्तपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी एक ओळ असते. हे पत्र अमुक यांनी अमुक मुद्रणालयात छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले, संपादक अमुक, असा मजकूर तीत असतो. १८६७ च्या कायद्याने मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि ठिकाण छापणे बंधनकारक केले आणि पुढे त्यात संपादकाच्या नावाची भर पडली. तो कायदा १ मार्च २०२४ रोजी नवा कायदा अमलात येईपर्यंत टिकला. इंग्रज सरकारने तो लोकांच्या कल्याणासाठी केला होता, असे समजण्याचे कारण नाही. छापणाऱ्यांवर नजर ठेवणे हाच त्यामागचा उद्देश होता. परंतु त्या ओळीचा सामान्य माणसालाही उपयोग झाला. आपल्याविषयी खोटे छापले गेले, तर कोणाच्या दारात जायचे, हे त्याला समजले. राईनपाड्याच्या आधी फिरलेल्या संदेशाखाली अशी ओळ नव्हती.

नाव असले म्हणजे चूक होत नाही, असेही नाही. मराठी वृत्तपत्रसृष्टीतील सर्वांत गाजलेली चूक दोन थोर व्यक्तींच्या हातून घडली आहे. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह जानेवारी १८८१ मध्ये ‘मराठा’ व ‘केसरी’ ही पत्रे काढली. दोघांनीही तेव्हा पंचविशी गाठलेली नव्हती. त्या सुमारास कोल्हापूर संस्थानात चौथे शिवाजी हे तरुण महाराज गादीवर होते. कारभार मात्र दिवाण माधवराव बर्वे यांच्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती होता. महाराज वेडे आहेत असे सांगितले जात होते आणि त्यांना क्रूरपणे वागवले जाते, अशी चर्चा सर्वत्र होती. लोक हळहळत होते. अशा वातावरणात, दिवाणांनी महाराजांविरुद्ध कट केला आहे असे दर्शवणारी काही पत्रे पुण्यात प्रकट झाली. त्या पत्रांच्या आधारे दोन्ही वृत्तपत्रांनी दिवाणांवर कडक टीका केली.

बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. आरोपींना जामीन मिळवून देण्यासाठी महात्मा जोतीराव फुले यांनी पुढाकार घेतला आणि त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला. फुले आणि ‘केसरी’कार यांच्या विचारांतील अंतर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. खटल्यात ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. शिक्षेत थोडी सूट मिळून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांची मुंबईच्या डोंगरी तुरुंगातून सुटका झाली. त्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तकही लिहिले. सुटकेच्या वेळी लोकांनी त्यांचे मोठे स्वागत केले आणि ‘केसरी’ची लोकप्रियता वाढली. त्यामुळे ही घटना बहुधा त्यागाची कथा म्हणून सांगितली जाते.

ती त्यागाची कथा आहेच. पण तिच्यात एक प्रश्न दडलेला आहे. हे दोघे विद्वान, प्रामाणिक आणि निर्भय होते. पैशासाठी किंवा वैरासाठी त्यांनी लिहिले नव्हते. मग बनावट पत्रांना ते का फसले? याचे उत्तर त्यांच्या सद्भावनेतच शोधावे लागते. महाराजांवर अन्याय होत आहे, अशी त्यांची आधीच खात्री झाली होती. त्या खात्रीला नेमका जुळणारा पुरावा समोर आला. जो पुरावा आपल्या मनातील गोष्ट सांगतो, त्याची पारख करण्याची गरज मनुष्याला वाटत नाही. न पटणाऱ्या कागदाची सही आपण दहा वेळा पाहतो. पटणाऱ्या कागदाची एकदाही पाहत नाही.

याहून दुःखाची बाब म्हणजे त्यांची मूळ काळजी निराधार नव्हती. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगर येथे, देखरेखीसाठी नेमलेल्या एका इंग्रज शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा मृत्यू झाला. म्हणजे अन्याय होता. तो सिद्ध करण्यासाठी वापरलेला कागद तेवढा खोटा होता. त्या खोट्या कागदामुळे खटल्यात महाराजांच्या हालअपेष्टांची चर्चा मागे पडली आणि संपादकांचा अपराध पुढे आला. खऱ्या गाऱ्हाण्याला खोट्या पुराव्याने किती हानी पोचते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे. आजही एखाद्या गावात पाणीयोजनेत खरोखर अपहार झालेला असतो, पण बातमीदार घाईने चुकीचा आकडा किंवा चुकीचे नाव छापतो. दुसऱ्या दिवशी सारे गाव त्या चुकीवर बोलते आणि अपहार करणारा निश्चिंत होतो.

खात्री करणे म्हणजे नेमके काय करणे? सांगणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा लागतो : हे तुम्ही स्वतः पाहिले, की ऐकले? बहुतेक वेळा उत्तर ‘ऐकले’ असे असते. दोन माणसांनी एकच गोष्ट सांगितली, पण दोघांनीही ती तिसऱ्याच एकाकडून ऐकली असली, तर ते दोन साक्षीदार होत नाहीत. जमिनीच्या वादाची बातमी असेल, तर सातबारा आणि फेरफार पाहता येतो. ग्रामपंचायतीचा खर्च असेल, तर ग्रामसभेचे इतिवृत्त पाहता येते. न दाखवल्यास २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली अर्ज करता येतो. अपघाताची बातमी असेल, तर पोलीस ठाण्यात आणि रुग्णालयात विचारता येते. मृताचे नाव घरच्या मंडळींना कळण्यापूर्वी गटावर टाकणारे काही कमी नाहीत. मुलगा गेल्याची बातमी आईला शेजारणीच्या मोबाइलवरून कळावी, यापेक्षा ती बातमी तासभर उशिरा गेली असती तर कोणाचे काय बिघडले असते?

छायाचित्र व चित्रफीत यांची पारख वेगळ्या प्रकारची असते. दुकानाच्या पाट्यांवरची लिपी कोणती, वाहनांच्या क्रमांकाची पाटी कोणत्या प्रांताची, माणसांचा पेहराव व बोली कोठली, झाडांवर ऋतू कोणता, हे निरखून पाहिले तरी पुष्कळ उलगडते. छायाचित्र पूर्वी कोठे प्रसिद्ध झाले आहे का, हे महाजालावर शोधता येते. चित्रफितीचा आरंभ आणि शेवट शाबूत आहे की नाही, हेही पाहावे लागते. २०१८ साली आणखी एक चित्रफीत गावोगाव फिरत होती. तीत मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणारे एक मूल उचलून नेतात. ही चित्रफीत पाकिस्तानातील कराची शहरात, मुलांच्या सुरक्षिततेविषयी लोकांना जागे करण्यासाठी एका संस्थेने मुद्दाम तयार करवली होती. मूळ चित्रफितीत ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि लोकांना सावध करणारा फलक दाखवतात. भारतात फिरलेल्या चित्रफितीतून तेवढाच शेवट कापून टाकलेला होता.

त्याच १ जुलैच्या रात्री राईनपाड्यापासून फार दूर नसलेल्या मालेगावात हीच अफवा पसरली होती. तेथेही जमावाने एका कुटुंबाला घेरले. त्यांच्याबरोबर एक लहान मूलही होते. तेथे मात्र काही रहिवासी मध्ये पडले, पोलीस वेळेत आले आणि त्या सर्वांचे प्राण वाचले. जुलै महिन्यातच व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठवता येणार नाही अशी मर्यादा घातली आणि पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागली. यंत्राने वेग कमी केला. पण पारख करणे यंत्राच्या स्वाधीन करता येत नाही.

स्थानिक बातमीदाराचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की ज्यांच्याविषयी तो लिहितो, त्यांना तो दुसऱ्या दिवशी एसटी स्थानकावर, गिरणीत किंवा किराणा दुकानात भेटतो. मोठ्या शहरातील वार्ताहराला हे अंतर संरक्षण देते, वाचकालाही देते. ‘एका विवाहितेवर अत्याचार’ एवढेच राज्यव्यापी वृत्तपत्रात आले, तर ती कोण हे कोणाला कळत नाही. तेच तालुक्याच्या साप्ताहिकात ‘अंगणवाडीमागे राहणारी, पती परगावी कामाला असलेली तरुणी’ अशा शब्दांत आले, तर नाव न छापताही सारे गाव तिला ओळखते. पीडितेचे नाव छापू नये, असे कायदा सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१८ च्या निकालात त्याचा अर्थ अधिक स्पष्ट केला आहे. नाव तर नाहीच, पण जिच्यावरून ती ओळखू येईल अशी कोणतीही माहिती देता येत नाही. बालकांच्या बाबतीत बालन्याय कायदा आणि २०१२ चा लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा हेच सांगतात. जम्मूतील कठुआ प्रकरणी बालिकेची ओळख उघड केल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये अनेक मोठ्या वृत्तसंस्थांना प्रत्येकी दहा लाख रुपये भरावयास लावले. तालुक्याच्या बातमीदाराला एवढा दंड कदाचित कधी होणार नाही. पण त्याच्या बातमीनंतर त्या मुलीची शाळा सुटली, तर ती पुन्हा सुरू करून देणेही त्याच्या हाती नसते.

आत्महत्येच्या बातमीविषयीही असाच विचार करावा लागतो. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्या हा महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याचा आणि वेदनेचा विषय आहे. त्या बातम्या दडपून ठेवाव्यात असे कोणी म्हणणार नाही. कर्ज, नापिकी आणि बाजारभाव यांची चर्चा त्यांच्यामुळेच झाली. प्रश्न बातमी कशी द्यावी हा आहे. भारतीय वृत्तपत्र परिषदेने सप्टेंबर २०१९ मध्ये याविषयी सूचना प्रसिद्ध केल्या. आत्महत्येचा मार्ग तपशीलवार सांगू नये, ठळक मथळा देऊ नये, तो जणू अडचणीवरचा उपाय आहे असे भासवू नये, छायाचित्र व चित्रण दाखवू नये, असे त्यांत म्हटले आहे. हताश मनःस्थितीतील वाचकावर अशा तपशिलांचा परिणाम होतो, असे जगभरचा अनुभव सांगतो. त्या बातमीसोबत १४४१६ हा ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेचा विनामूल्य क्रमांक द्यावा. तालुक्याच्या पत्राला ही एक ओळ छापायला कितीशी जागा लागते?

आता पैशाकडे वळावे लागते. हा विषय स्थानिक बातमीदार फारसा काढत नाही. छोटे पत्र वर्गणीवर चालत नाही. ते जाहिरातींवर चालते. जाहिराती कोण देतो? सहकारी साखर कारखाना, पतसंस्था, खासगी शिकवणीवर्ग, बांधकाम व्यावसायिक आणि पुढारी. नेत्याच्या वाढदिवसाची पानभर शुभेच्छा-जाहिरात आणि दिवाळी अंकाची जाहिरात यांवर कित्येक साप्ताहिकांचे वर्ष निघते. त्यात गैर काही नाही. कागद आणि छपाई फुकट मिळत नाही. मात्र ज्या पतसंस्थेची जाहिरात पहिल्या पानावर आहे, तिच्या ठेवीदारांना पैसे मिळत नसल्याची बातमी चौथ्या पानावरही नसेल, तर वाचकाची फसवणूक होते. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर ‘पैसे देऊन छापलेल्या बातम्या’ हा विषय देशभर गाजला. उमेदवाराची स्तुती जाहिरात म्हणून छापली तर वाचक सावध असतो; बातमी म्हणून छापली तर तो निःशंकपणे विश्वास ठेवतो. म्हणून पैसे घेतलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ हा शब्द स्पष्ट दिसला पाहिजे. याच्या उलट प्रकारही घडतो. ‘पैसे द्या, नाहीतर छापतो’ असे सांगणाऱ्यांमुळे प्रामाणिक बातमीदाराकडेही लोक संशयाने पाहू लागतात. त्याला वार्ताहर म्हणणेच चूक. ती खंडणी होय.

येथवर जे सांगितले, त्यावरून न छापणे हेच सुरक्षित आणि नैतिक असे कोणाला वाटेल. तसे नाही. शशिकांत वारिशे हे रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर भागातील पत्रकार होते. ‘महानगरी टाइम्स’ या पत्रासाठी ते लिहीत असत. बारसू परिसरात होऊ घातलेल्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाविषयी आणि तेथील जमिनींच्या व्यवहारांविषयी गावकऱ्यांच्या मनात असलेले प्रश्न ते मांडत होते. प्रकल्पाच्या बाजूने काम करणाऱ्या एका व्यक्तीचे छायाचित्र मोठ्या नेत्यांबरोबर फलकांवर झळकले, त्याविषयीची त्यांची बातमी ६ फेब्रुवारी २०२३ रोजी प्रसिद्ध झाली. त्याच दिवशी राजापुरात त्यांच्या दुचाकीवर एक मोटार घालण्यात आली. दुसऱ्या दिवशी कोल्हापूर येथे उपचार चालू असताना त्यांचे निधन झाले. त्या बातमीत ज्याचा उल्लेख होता, त्यालाच या प्रकरणी अटक झाली. पत्रकारांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१७ साली स्वतंत्र कायदा संमत केला होता. तरीही हे घडले.

वारिशे यांच्यासारख्या पत्रकाराला कोणत्याही मोठ्या संस्थेचे कवच नसते. तो ज्या रस्त्याने घरी जातो, तो रस्ता सर्वांना माहीत असतो. त्याच्याजवळ एकच बळ असते : त्याने लिहिलेले खरे आहे आणि ते लोकहितासाठी आहे. कायद्यानेही या दोन्ही गोष्टी एकत्र मागितल्या आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पूर्वीच्या दंड संहितेप्रमाणेच, बदनामी हा गुन्हा आहे. पण केलेले विधान सत्य असेल आणि ते प्रसिद्ध करणे लोकांच्या हिताचे असेल, तर तो गुन्हा ठरत नाही. एखाद्या सरपंचाने घरकुलाचे पैसे लाटले, हे सत्य असेल तर लोकहितासाठी सांगितलेच पाहिजे. त्याच सरपंचाच्या मुलीचा विवाह मोडला, हेही सत्य असू शकेल. पण ते गावाला सांगण्यात कोणाचे हित आहे?

इतकी काळजी घेऊनही चूक होते. घाई होते, नाव चुकते, एका आडनावाच्या दोन माणसांची गल्लत होते. अशा वेळी छापील पत्रात खुलासा प्रसिद्ध करण्याची पद्धत आहे. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत केलेली चूक सातव्या पानाच्या कोपऱ्यात, निविदा-सूचनांच्या शेजारी दुरुस्त करणे हा मात्र खुलासा नव्हे. वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेनेही दुरुस्तीला पुरेसे ठळक स्थान देण्यास सांगितले आहे. परिषदेचे अधिकार छापील पत्रांपुरते आहेत. मोबाइलवर बातम्या देणारे तिच्या कक्षेत येत नाहीत. तेथे चूक लक्षात आली, की ती बातमी गुपचूप काढून टाकली जाते. ज्यांनी ती पाहिली, त्यांच्या मनातून ती निघत नाही. आणि ज्याची बदनामी झाली, त्याच्याजवळ ती खोटी होती हे दाखवायला काहीच उरत नाही. म्हणून चूक झाल्याचे नुसते पुसून टाकण्याऐवजी त्याच जागी स्पष्ट लिहावे लागते : सकाळी दहा वाजता दिलेल्या बातमीत अमुक यांचे नाव चुकीने आले होते, त्यांचा या घटनेशी संबंध नाही, दुरुस्ती अमुक वेळी केली. ही दुरुस्ती मूळ बातमी ज्या ज्या गटांवर गेली, त्या प्रत्येक गटावर पाठवावी लागते; आणि तिच्याखाली, जुन्या वृत्तपत्राच्या शेवटच्या पानावर असे तसे, पाठवणाऱ्याचे नाव व गाव असावे लागते.